रोप पिवळं पडलं म्हणजे जनुक सापडलं असं नाही: या चुका टाळा

म्युटंट, म्हणजे एखादं जनुक बिघडवलेला जिवाणू, लावलेलं रोप पिवळं पडलं की मनात लगेच पेपरचं शीर्षक तयार होतं. माझ्याही व्हायचं. त्यातली बरीच शीर्षकं केराच्या टोपलीत गेली, कारण मुळावरच्या गाठीच्या आत नेमकं कोण बसलंय हे मी बघितलंच नव्हतं.

मी बोलतोय ते लसूणघास आणि तिच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नत्र बांधणारा सायनोरायझोबियम मेलिलोटी हा जिवाणू, या जोडीबद्दल; या सहजीवनाला कोणती जनुकं लागतात ते शोधायचं असतं. या जिवाणूचा जीनोम 2001 साली प्रसिद्ध झाला: एक गुणसूत्र, दोन महाकाय प्लाझ्मिडं (गुणसूत्रापासून वेगळी डीएनएची वर्तुळं), मिळून सुमारे 6,200 जनुकं. पद्धत जुनीच. टीएन5 हा उड्या मारणारा डीएनएचा तुकडा कुठेतरी घुसवायचा, निओमायसिन या प्रतिजैविकावर (टीएन5 असेल तरच जिवाणू तिथे तगतो) वाढणाऱ्या कॉलन्या उचलायच्या, एकेक रोपाला लावायची आणि तीन-चार आठवडे वाट बघायची.

पहिली फसगत रोपाच्या रंगात होते. वाटाण्याचं किंवा घेवड्याचं बी नत्राची शिदोरी बांधूनच येतं, त्यामुळे गाठी निकामी असल्या तरी रोप बरेच दिवस हिरवं राहतं. लसूणघासाचं बी बारीक, म्हणून ती लवकर खरं बोलते. पण माध्यमात नायट्रेटचा अंश राहिला तर तीही खोटं बोलते. काहीच न लावलेली रोपं आणि मूळ स्ट्रेन (न बिघडवलेला जिवाणू) लावलेली रोपं प्रत्येक खेपेला शेजारी हवीतच. काहीच न लावलेल्या रोपांवर गाठी दिसल्या तर ती अख्खी खेप फेकून द्या. जीवावर येतं, पण द्या.

गाठी आहेत की नाहीत एवढंच मोजू नका, त्या कापून बघा. नत्र बांधणारी गाठ लेगहिमोग्लोबिन या लाल प्रथिनामुळे आतून गुलाबी असते. एक्सो जनुकं बिघडलेल्या म्युटंटमध्ये सक्सिनोग्लायकन हे बहुशर्करायुक्त आवरण बनत नाही. गाठी येतात, पण पांढऱ्या आणि आतून रिकाम्या. नुसत्या गाठी मोजणाऱ्याच्या हातून हे म्युटंट निसटतात. सक्सिनोग्लायकनला चिकटणारा कॅल्कोफ्लुअर हा रंग घातलेल्या प्लेटवर अतिनील प्रकाशात मूळ स्ट्रेनच्या कॉलन्या चमकतात, यांच्या काळोख्या राहतात. पाच मिनिटांचं काम.

दुसरी चूक म्हणजे उपाशी म्युटंटला सहजीवनाचा म्युटंट समजणं. ज्याला स्वतःचं ल्युसिन किंवा प्युरिन यांसारखा वाढीला लागणारा घटक बनवता येत नाही तो मुळाशी नीट वाढेलच असं नाही. म्हणून आधी साध्या क्षार-साखरेच्या माध्यमावर वाढवून बघा. अर्थात वाढला नाही म्हणून लगेच टाकूनही देऊ नका. वाटाण्याच्या गाठीतला रायझोबियम ल्युसिनसारख्या शाखायुक्त अमिनो आम्लांसाठी झाडावरच अवलंबून राहतो, म्हणजे तिथे उपासमार हाच सहजीवनाचा भाग आहे.

सगळ्यात जास्त वेळ माझा गेला तो तिसऱ्या चुकीत: टीएन5 जिथे बसला तिथेच दोष आहे असं गृहीत धरण्यात. या जिवाणूच्या पोटात स्वतःचेही उड्या मारणारे तुकडे आहेत. 1982 मध्ये गॅरी रुव्हकुन आणि सहकाऱ्यांनी आयएसआरएम1 या तुकड्याचं वर्णन केलं. तो नेमका नत्र बांधणाऱ्या जनुकांमध्ये घुसायला उत्सुक असतो. (2024 साली मायक्रोआरएनएसाठी नोबेल मिळालेले रुव्हकुन हेच.) म्हणजे टीएन5 एका जागी, गुन्हेगार दुसऱ्याच जागी. उपाय एकच: फाय-एम12 या फेजच्या (जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूच्या) मदतीने ते टीएन5 स्वच्छ स्ट्रेनमध्ये हलवा. निओमायसिनला दाद न देणाऱ्या प्रत्येक नव्या कॉलनीत दोष उतरला तरच पुढे जा. त्यानंतरही, टीएन5 मुळे ओपेरॉनमधली (एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या रांगेतली) पुढची जनुकं मुकी झालेली असू शकतात, तेव्हा ते एकटं जनुक परत देऊन रोप सुधारतं का ते पाहायलाच हवं.

याउलट, दोष दिसला नाही म्हणून जनुक निरुपयोगी ठरवू नका. गाठी घडवणाऱ्या ‘नॉड’ जनुकांना चालू करणारं नॉडडी या जिवाणूत एक नाही, तीन आहेत. पहिलं मोडलं तर गाठी फक्त उशिरा येतात. नावांवरही विसंबू नका. नॉडएम हे पेशीभित्तिकेसाठी लागणाऱ्या नेहमीच्या ग्लुकोसामीन एन्झाइमचंच भावंड आहे, त्यामुळे नुसत्या साम्यशोधात ते कुठल्याही जिवाणूत ‘सापडतं’.

हल्ली हजारो म्युटंट एकत्र लावून गाठीतल्या डीएनएचं सिक्वेन्सिंग करतात. त्यात दोन खड्डे आहेत. एका गाठीत बहुधा एका-दोन पेशींचीच संतती असते. 10,000 म्युटंट आणि 200 गाठी असतील तर बहुतेक म्युटंट निव्वळ नशिबाने गायब दिसतील. आणि नॉड फॅक्टर, म्हणजे रोपाला गाठ घडवायला सांगणारा जिवाणूचा रेणू, पेशीबाहेर सोडला जातो, त्यामुळे तो बनवायला लागणारं नॉडसी जनुक मोडलेला म्युटंट शेजाऱ्याच्या जिवावर आत शिरून निर्दोष सुटतो. असे संशयित एकेकटे तपासावे लागतात.

जनुक प्लाझ्मिडवरून परत दिलं आणि तरीही रोप सुधारलं नाही? प्लाझ्मिड टिकवायला लावणारं टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मुळापाशी नसतं, प्लाझ्मिड वाटेत गळून पडलं असेल. गाठ बाहेरून ब्लीचने निर्जंतुक करून धुवा, चिरडा, टेट्रासायक्लिन असलेल्या आणि नसलेल्या प्लेटवर पसरा आणि कॉलन्या मोजा. शेवटच्या धुण्याचं पाणीही एका प्लेटवर पसरा. त्यातच कॉलन्या उगवल्या, तर बाकीच्या प्लेटा मोजत बसू नका.