गाण्याचा मूळ कवी शोधताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कानावर भरवसा ठेवणं. शब्द जुने वाटले, टाळ-मृदंग ऐकू आला, की आपण गाणं संतांच्या नावावर करून मोकळे होतो. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. त्यातलं ‘आधी बीज एकले’ अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटत आलं आहे. त्यात ‘तुका म्हणे’ नाही, गाथेत ते सापडणार नाही. शांताराम आठवल्यांनी ते चित्रपटासाठी लिहिलं. ‘इंद्रायणी काठी’चंही तसंच. भीमसेनजींच्या आवाजात ते अभंगासारखं मनात बसलंय, पण ते गदिमांचं, १९५३च्या ‘गुळाचा गणपती’मधलं. संतांच्या बोलीत इतकं विरघळून लिहिणाऱ्या कवीचं नाव त्याच्या यशामुळेच पुसलं जावं, हे मनाला फार लागतं.

उलटी चूकही होते. गीतकार म्हणून एक नाव दिसलं की सगळी गाणी त्याचीच धरू नका. १९३७च्या ‘कुंकू’त आठवल्यांची गाणी आहेत, पण अभिनेत्री शांता आपटे त्यात जे इंग्रजी गाणं म्हणतात, ती लाँगफेलो या अमेरिकन कवीची १८३८ सालची कविता.

नाममुद्रा, म्हणजे ‘तुका म्हणे’सारखं रचनेत गुंफलेलं कवीचं नाव, पाहूनही थांबू नका. नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळलेल्या आहेत. दोघंही ‘नामा’च!

गाथेत अभंग मिळत नसेल, तर आधी सूची कशी लावलीय ते बघा. ती बहुधा पहिल्या चरणाची असते आणि गायक कधी मधल्याच ओळीपासून सुरुवात करतो. संगणकावर शोधताना अनुस्वार आडवे येतात: आपण ‘आम्हा’ टाकतो, जुन्या पाठात ‘आम्हां’ असतं. अशा वेळी ओळीतला अनुस्वार नसलेला एखादा ठळक शब्दच टाकावा. अभंगाचा क्रमांक देताना गाथेची आवृत्तीही लिहा, कारण आवृत्तीगणिक क्रमांक बदलतात.

चित्रपटगीत असेल तर अ‍ॅपवरच्या नावावर विसंबू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका जपलेल्या आहेत. गीतकाराचं नाव तिथे पडताळा. मग कवितासंग्रहाची पहिली आवृत्ती मिळवा. पुण्यातच टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या ग्रंथालयात विचारून पाहा. संग्रहाचं साल चित्रपटाच्या आधीचं निघालं, तर कविता उसनी घेतलेली आहे. नंतरचं निघालं, तर ती आधी एखाद्या मासिकात आली होती का, तेही बघावं लागेल.