५० किलोच्या पीपी पोत्याचा हिशोब: दाण्यापासून शिलाईपर्यंत

पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक. त्याचा दाणा वितळवून फिल्म काढतात, ती चिरून टेपा करतात आणि त्या लूमवर विणून पोतं होतं. अशा विणलेल्या पोत्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा दाण्याचा. मजुरी, वीज, शिलाईचा दोरा हे सगळं एकत्र केलं तरी त्याच्या जवळपास येत नाही. म्हणून या धंद्यातला नफा लूमच्या वेगाआधी टेपच्या वजनात शोधावा. खालचं गणित साखर कारखान्याला लागणाऱ्या ५० किलोच्या, लॅमिनेशन नसलेल्या पोत्याचं आहे. आतली लायनर पिशवी त्यात धरलेली नाही. भाव आणि मापं आपापली घाला, रीत तीच राहते.

आधी वजन ठरवा

पोतं सपाट ठेवल्यावर ६० सें.मी. रुंद आणि दुमड धरून १०५ सें.मी. कापाचं आहे असं समजू. दोन्ही बाजू मिळून कापड झालं १.२६ चौरस मीटर. मेश १० बाय १०, म्हणजे इंचाला १० उभ्या आणि १० आडव्या टेपा. टेप ८०० डेनियरची. ९००० मीटर टेपचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर.

जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, काढायचं सूत्र: डेनियर गुणिले (उभ्या अधिक आडव्या टेपा), भागिले २२८.६. इथे ८०० × २० ÷ २२८.६ = ७०. हा २२८.६ आकाशातून पडलेला नाही: मीटरमध्ये ३९.३७ इंच असतात आणि ९००० ला त्याने भागलं की तो येतो. आता ७० × १.२६ = ८८.२ ग्रॅम. विणताना टेप वर-खाली होते, त्यामुळे काट्यावर वजन किंचित जास्त भरतं. नेमका फरक आपल्या लूमवर एकदा मोजून लिहून ठेवा. खरेदीदाराने बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) मानक मागितलं असेल (साखरेच्या पोत्यांसाठी आयएस १४९६८), तर मापं आणि ताकद आधी त्यातून घ्या, मग हा हिशोब मांडा.

दाणा

पोत्याच्या टेपला रॅफिया ग्रेडचं, म्हणजे टेपांसाठी बनवलेलं होमोपॉलिमर (नुसत्या प्रोपिलीनचं पीपी) लागतं. त्याचा एमएफआय, म्हणजे वितळलेला दाणा किती सहज वाहतो तो आकडा, ३ च्या आसपास असतो (२३० अंश सेल्सियस, २.१६ किलो वजन). हा आकडा रिअ‍ॅक्टरमध्ये हायड्रोजन ठरवतो. मॅग्नेशियम क्लोराइडवर बसवलेला टायटॅनियमचा उत्प्रेरक, जोडीला ट्रायइथाइल अ‍ॅल्युमिनियम आणि सिलेन डोनर, तापमान साधारण ७० अंश. तिथे प्रोपिलीनच्या साखळ्या वाढत असतात. हायड्रोजन वाढवला की साखळी लवकर तुटते, आखूड राहते आणि एमएफआय चढतो. खुर्च्या-बादल्यांच्या मोल्डिंगला १० ते १२ एमएफआयचा दाणा चालतो, कारण तो साच्यात पटकन पसरतो. टेपला मात्र लांब साखळीच हवी, कारण ताणल्यावर ताकद तिथूनच येते. स्वस्त पडला म्हणून मोल्डिंगचा दाणा मिसळला की टेपची ताकद लगेच खाली येते आणि ती भरून काढायला डेनियर वाढवावा लागतो. वाचवलेले पैसे वजनात निघून जातात.

हा उत्प्रेरक फार नाजूक असतो. प्रोपिलीनमध्ये पाणी, ऑक्सिजन किंवा कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत एखाद-दोन भाग जरी जास्त आलं तरी त्याची ताकद घटते, लॉट बिघडतो आणि तो माल ‘ऑफ ग्रेड’ म्हणून बाजारात येतो. असा माल घ्यायचाच असेल तर प्रत्येक लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट वाचा आणि दोन लॉट एकाच हॉपरमध्ये घालू नका.

टेप लाइन

सुरुवातीला हे मिश्रण धरा: दाणा ९२ किलो, कॅल्शियम फिलर मास्टरबॅच (कॅल्शियम कार्बोनेटची भर घातलेले दाणे) ६ किलो, यूव्ही (उन्हापासून बचाव करणारं रसायन) आणि रंग मिळून २ किलो. फिलरमुळे टेप उभी चिरत नाही, हा त्याचा खरा उपयोग. पण कॅल्शियम कार्बोनेट पीपीच्या जवळपास तिप्पट जड असतं. ते वाढवलं की तेवढ्याच डेनियरची टेप पातळ होते आणि ताकद घटते. ब्लेडही लवकर बोथट होतात. फिलर दमट असेल तर फिल्ममध्ये बुडबुडे येतात आणि टेप ओव्हनमध्ये तुटायला लागते. पावसाळ्यात टेप उगाच तुटत असेल तर स्क्रूचं तापमान बदलण्याआधी फिलरचं पोतं तपासा. ८० अंशावर एक-दोन तास वाळवून पाहा.

एक्स्ट्रूडरचे (दाणा वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राचे) झोन २२० ते २६० अंशांच्या दरम्यान. टी-डायच्या सपाट फटीतून निघालेली फिल्म ३० ते ४० अंशाच्या पाण्यात पडते. डाय आणि पाणी यांतलं अंतर ३० ते ५० मि.मी. ठेवा. पाणी हलत असेल तर फिल्मवर लाटा उमटतात आणि त्याच पुढे डेनियरची चढउतार होऊन दिसतात.

आता फिल्म चिरणाऱ्या ब्लेडमधलं अंतर. टेप ५.५ पट ताणली की तिची रुंदी आणि जाडी प्रत्येकी ५.५ च्या वर्गमुळाने, म्हणजे २.३५ पटीने कमी होते. १० मेशमध्ये एका टेपला २.५४ मि.मी. जागा मिळते, म्हणून तयार टेप २.५ मि.मी. रुंद धरू. मग दोन ब्लेडमधला स्पेसर ५.९ मि.मी.चा लागेल. ८०० डेनियरच्या या टेपची जाडी साधारण ३९ मायक्रॉन येते, म्हणून ताणण्याआधीची फिल्म ९१ ते ९२ मायक्रॉनची हवी. हे आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर लाइन सुरू करू नका.

ताणण्याचा ओव्हन साधारण १५० ते १७० अंशांवर. टेप पांढरट दिसायला लागली तर ओव्हन थंड आहे किंवा ताण जास्त आहे. टेपा एकमेकींना चिकटत असतील तर ओव्हन तापलाय. त्यानंतर गरम रोलवर वेग ५ ते ८ टक्के कमी करून टेपला सैल होऊ द्यायचं असतं. उत्पादन वाढवायला ही पायरी आवळली की फटका दुसऱ्या दिवशी बसतो: रात्रभरात बॉबिनवरची टेप आकसते, नळी दबते आणि लूमवर बॉबिन फिरत नाही. सिमेंट गरम भरलं जातं, त्यामुळे सिमेंटच्या पोत्यात हा दोष आणखी उघडा पडतो.

डेनियर मोजणं, दर तासाला

रीलवर ९० मीटर टेप गुंडाळा, ग्रॅममध्ये तोला, १०० ने गुणा. ८.० ग्रॅम भरले तर ८०० डेनियर. नमुना एकाच विंडरचा (टेप गुंडाळणाऱ्या यंत्राचा) घेऊन भागत नाही. फिल्मची डावी कड, मधला भाग आणि उजवी कड अशा तिन्ही ठिकाणचा घ्या. कडा जड आणि मध्य हलका असेल तर डायचे बोल्ट पाव वळसा फिरवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा तोला. सगळीकडेच वजन चढत असेल तर टेकऑफचा (फिल्म ओढणाऱ्या रोलचा) वेग आणि स्क्रूचा आरपीएम पाहा. डायआधीचा दाब चढत असेल तर वितळलेला माल गाळणारी जाळी चोंदली आहे. सोबत ताकदही मोजा: चांगली टेप डेनियरला ४.५ ते ५.५ ग्रॅम भार सोसते आणि तुटण्याआधी २० टक्क्यांच्या आसपास लांबते.

एवढा आटापिटा कशासाठी, ते आता पाहा. हिशोबापुरता दाणा किलोला १०० रुपये, फिलर ४०, यूव्ही-रंग १५० धरा. मिश्रण पडलं किलोला ९७.४० रुपये. कापड ८८.२ ग्रॅम, एकूण वेस्टेज ४ टक्के, म्हणजे एका पोत्याला ९१.९ ग्रॅम माल लागतो: ८.९५ रुपये. वाया गेलेले ३.७ ग्रॅम रिप्रो (वितळवून पुन्हा केलेल्या) दाण्याच्या ६० रुपये भावाने परत धरले तर २२ पैसे वजा, उरले ८.७३ रुपये. आता टेप ८०० ऐवजी ८३० डेनियरची निघाली असं समजा. पोतं ३.३ ग्रॅमने जड झालं, ३२ पैसे गेले. दिवसाला ५०,००० पोती निघत असतील तर रोजचे १६,००० रुपये. खरेदीदार या जास्तीच्या वजनाचा एक पैसाही देत नाही.

लाइन आणि लूमचा मेळ

५०,००० पोत्यांना दिवसाला ४.४ टन कापड लागतं, वेस्टेज धरून ४.६ टन. तासाला २५० किलोची टेप लाइन २० तास चालली तर ५ टन देते, थोडी सवड राहते. लूम मिनिटाला ६०० आडव्या टेपा टाकत असेल तर १० मेशवर तासाला ९१ मीटर, २० तासांत १,८३० मीटर, म्हणजे सुमारे १,७४० पोती. २९ लूम लागतील. बंद पडणारे धरून ३१-३२ ठेवा. विजेसाठी टेप लाइन आणि लूमशेडला वेगवेगळे मीटर बसवा. एकाच मीटरवर युनिट कुठे जातात ते कधीच कळत नाही.

भाव आणि बाजार

दाण्याचा भाव प्रोपिलीनला बांधलेला असतो. टनभर पीपीला टनापेक्षा थोडंच जास्त प्रोपिलीन लागतं. ते क्रॅकर (नॅफ्था किंवा वायू तोडणारे कारखाने) आणि रिफायनरीतून येतं किंवा प्रोपेनमधला हायड्रोजन काढून बनवतात, आणि त्या मार्गाने टनभर प्रोपिलीनला साधारण १.२ टन प्रोपेन लागतं. म्हणून क्रूडइतकंच सौदी अराम्कोच्या दरमहा जाहीर होणाऱ्या प्रोपेनच्या भावाकडे आणि रुपया-डॉलरकडे लक्ष ठेवा. महाराष्ट्रात नागोठण्याला पीपी बनतं, आणि रायगडमध्येच उसरला गेल या सरकारी वायू कंपनीने प्रोपेनवर आधारित ५ लाख टनांचा प्रकल्प हाती घेतला आहे. तरीही देशाची मागणी आयातीशिवाय भागत नाही. चीनने गेल्या काही वर्षांत क्षमता झपाट्याने वाढवल्यामुळे आयातीचा भाव इथल्या भावाला वर जाऊ देत नाही. दाणा स्वस्त होईल या आशेवर यंत्रं घेऊ नका, आणि महाग होईल या भीतीने गोदामही भरू नका.

मागणीच्या बाजूला १९८७ चा ताग पॅकेजिंग कायदा लक्षात ठेवा. त्याखालच्या आदेशांनी साखरेचा २० टक्के माल तागाच्या पोत्यात भरणं बंधनकारक केलं आहे. पीपीला उरतो तो बाकीचा हिस्सा. हा टक्का बदलला की गळीत हंगामाची ऑर्डर बदलते. युरियाचं पोतं २०१८ मध्ये ५० वरून ४५ किलोचं झालं, तसा एखादा निर्णय मापंच बदलून टाकतो.

हंगामाच्या टेंडरमध्ये भाव एकदाच ठरतो आणि माल पाच-सहा महिने जात राहतो. त्यामुळे करारात भावबदलाचं कलम घालून घ्या. आपल्या पोत्यात ९१.९ ग्रॅम माल, त्याचा ९२ टक्के दाणा, म्हणजे ८४.५ ग्रॅम. दाणा किलोमागे १ रुपया हलला की पोतं साडेआठ पैशांनी हललं पाहिजे. कलमात उत्पादक कंपनीचा कोणत्या तारखेचा जाहीर भाव धरायचा आणि कोणता ग्रेड, हे नावासकट लिहा. कलम मिळत नसेल तर ज्या दिवशी ऑर्डर पक्की होते त्याच दिवशी निदान पहिल्या महिन्याचा दाणा बुक करा.