बेळगावात खोली घेण्याआधी

पदवीला बेळगावात आले तेव्हा खोली बघितली ती मे महिन्यात, भर दुपारी. नवा रंग, खिडकीतून लख्ख ऊन, दाराशी नळ. बाबांनी तिथल्या तिथे अ‍ॅडव्हान्स मोजून दिला आणि चारच्या बसने आम्ही खानापूरला परत. जुलैत त्याच भिंतीला पलंगाच्या उंचीपर्यंत ओल चढली. गादीची एक बाजू कायम गार. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी यायची, ती मी रोज ओढणीने पुसायचे. धुतलेला ड्रेस तिसऱ्या दिवशीही दमटच. तो कुबट वास वर्गात सगळ्यांना येत असेल, या धास्तीने मी मागच्या बाकावर बसायचे.

म्हणून सांगते, इथली खोली पावसाळ्याच्या हिशेबाने बघा. उन्हाळ्यात बघत असाल तर कपाट पुढे ओढा आणि मागची भिंत बघा, रंगारी तिथवर सहसा जात नाही. फुगलेले पोपडे, कोपऱ्यातले काळे ठिपके दिसले की समजा. खिडकी पश्चिमेला असेल तर पावसाचा मारा थेट आत येतो. कपडे वाळत घालायला पत्र्याखाली जागा आहे का, हेही विचारा. पाणी नळाचं किती दिवसांनी येतं आणि मधल्या दिवसांत विहिरीचं की बोअरचं, हे मालकापेक्षा तिथे राहणाऱ्या मुलींना विचारलेलं बरं.

आणि खोली दोनदा बघा, एकदा तरी रात्री आठनंतर. माझी खोली वडगावात होती. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग. आम्ही गेलो त्या दिवशी माग बंद होते, म्हणून कळलंच नाही. राहायला आल्यावर पहिल्याच रात्री भिंतीपलीकडून खटखट सुरू झाली. त्यांची ती रोजीरोटी, त्यांना बोल कसा लावणार? पण परीक्षेच्या आठवड्यात मी मैत्रिणीकडे टिळकवाडीत झोपायला जायचे.

भाग ठरवताना कॉलेज नेमकं कुठे आहे ते आधी बघा. उद्यमबागला इंजिनीअरिंग करणाऱ्यांना अनगोळ, भाग्यनगर, टिळकवाडी सोयीचं. मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात जायचं तरी खानापूर रोडचीच बाजू धरा. नेहरूनगरच्या मेडिकलवाल्यांना सदाशिवनगर जवळ. मी एमएला राणी चन्नम्मा विद्यापीठात होते, तेव्हा वर्ग भरायचे भूतरामनहट्टीला, म्हणजे काकतीच्याही पुढे, कोल्हापूरच्या वाटेवर. तोवर मी शहापुरात दुसऱ्या खोलीत राहायला गेले होते. तिथून आधी सीबीटी, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, आणि मग दुसरी बस. त्यात रेल्वे गेट पडलं की पहिला तास गेला. विद्यापीठाचं नवं आवार हिरेबागेवाडीला, अगदी उलट्या दिशेला, धारवाडच्या वाटेवर आहे. तेव्हा आपला विभाग कुठे भरतो याची खात्री करूनच भाडं ठरवा.

जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या मुलींना सरकारी साध्या बसचं तिकीट पडत नाही, त्यामुळे थोडं लांब राहणं परवडतं. चंदगड किंवा कोल्हापूरकडून येणाऱ्या मुलींचा पत्ता महाराष्ट्राचा, त्यांना तिकीट काढावंच लागतं. त्यांनी भाड्यात बसखर्च मिळवूनच तुलना करावी. लाइटबिलाचंही विचारून घ्या. ठरावीक वापरापर्यंत घरगुती लाइटबिल माफ करणारी गृहज्योती योजना भाडेकरूंनाही आहे. बिल शून्य येत असताना लाइटचे म्हणून वेगळे पैसे मागितले, तर बिल दाखवा म्हणायला लाजू नका.

वसतिगृहाचा विचार आधी करा, खोलीचा नंतर. मागासवर्ग कल्याण आणि समाजकल्याण खात्यांची मॅट्रिकोत्तर वसतिगृहं आहेत, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे आपल्या भागातल्या महसूल कचेरीतून, सुट्टीतच काढून ठेवा. माझा दाखला उशिरा आला आणि ती संधी हुकली, याचं मला अजून वाईट वाटतं.

करारपत्र बहुतेक वेळा कानडीत असतं. मी मराठी शाळेतली, अक्षरं लावून वाचता यायची, अर्थ पुरता कळायचा नाही. वर्गातल्या कानडी मैत्रिणीने माझा दुसरा करार ओळ न् ओळ समजावून सांगितला. तेव्हा कळलं की खोली सोडताना रंगाचे पैसे कापायचं कलम असतं. पहिल्या मालकाने त्याच नावाखाली माझ्या अ‍ॅडव्हान्समधले निम्मे पैसे ठेवून घेतले होते. ओल त्याच्या भिंतीची, आणि भरपाई माझ्याकडून! माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता.

शहापुरातल्या दुसऱ्या खोलीत सामान लावण्याआधी मी घरमालकीण मावशींना बरोबर घेऊन प्रत्येक भिंतीचा, नळाचा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढला आणि तिथेच त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्या चष्मा लावून एकेक फोटो बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मोरीजवळची ती भेग राहिली की. तिचा पण काढ."