मसाज थेरपीचा क्लास काढताय? मान्यतेच्या बाबतीत या चुका टाळा

मी मसाज शिकले तेव्हा हातात जाड कागदाचं, सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं होतं. आईने ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. पुढे नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या एका रिसॉर्टमध्ये मुलाखतीला गेले, तर तिथल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "हे मान्यताप्राप्त आहे का? कुणाची मान्यता?" मला उत्तर देता आलं नाही. हात चांगला होता म्हणून काम मिळालं, पण पगार मदतनिसाचा.

आता मी स्वतः शिकवते. नवीन क्लास काढणारे सल्ल्याला येतात, तेव्हा माझी ती फ्रेम आठवते. आपल्या चुकीची किंमत आपण नाही, आपल्याकडे शिकलेली मुलगी मोजते.

नोंदणीलाच मान्यता समजणं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. फाइल उघडली की शॉप अॅक्टचा कागद, उद्यम नोंदणी आणि आयएसओ प्रमाणपत्र निघतं, आणि बोर्डावर 'शासनमान्य' लिहून झालेलं असतं. शॉप अॅक्टचा कागद सांगतो की या पत्त्यावर तुमचा व्यवसाय आहे. उद्यम सांगतं की तो लहान उद्योग आहे. आयएसओचा दाखला खासगी संस्था देते आणि तो तुमच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतो. तुम्ही काय शिकवता, किती तास शिकवता, परीक्षा कोण घेतं, याबद्दल या तिन्हीत एक ओळ नसते.

मसाज थेरपिस्टला परवाना देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, म्हणून मान्यता कौशल्य प्रशिक्षणाच्या वाटेने घ्यावी लागते. एक वाट केंद्राची. 2018 मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद, म्हणजे एनसीव्हीईटी, स्थापन झाली. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना ती मान्यता देते. आपल्या क्षेत्रासाठी ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल आहे, तिची संलग्नता घेता येते. दुसरी वाट महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाची. मंडळाकडे जाताना आधी त्यांची अभ्यासक्रमांची यादी मागा आणि तुमचा विषय त्यात बसतो का ते बघा, मगच जागेला पैसे घाला.

म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे म्हणून 'तिथून करून घेऊ' असं म्हणणारेही भेटतात. ते विद्यापीठ वैद्यकीय, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा महाविद्यालयांसाठी आहे. तीन महिन्यांच्या मसाज क्लासचं काम तिथे नाही.

एका कागदावर सगळं चालवणं

मान्यता ठरावीक अभ्यासक्रमाला आणि ठरावीक जागेला असते. असिस्टंट स्पा थेरपिस्ट ही एक पात्रता, स्पा थेरपिस्ट ही दुसरी. एकीची संलग्नता घेऊन दुसरीची बॅच भरू नका. शिवाय या पात्रतांना मुदत असते. राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत तुमच्या पात्रतेचा कोड अजून चालू आहे ना, हे दर बॅचच्या आधी पाहा.

जागेच्या बाबतीत मीच चुकले आहे. इंदिरानगरचा फ्लॅट सोडून कॉलेज रोडला मोठी जागा घेतली आणि कळवायचं राहून गेलं. भाडेकरारावर एक पत्ता, मान्यतेवर दुसरा. परीक्षा अडली आणि अकरा मुली माझ्यामुळे थांबल्या. स्थलांतराची परवानगी हातात आल्याशिवाय टेबलं हलवू नका.

नावात मोठेपणा

'विद्यापीठ' किंवा 'युनिव्हर्सिटी' हा शब्द नावात घालू नका, यूजीसी कायद्याने त्याला मनाई आहे. प्रमाणपत्रावर 'फिजिओ' लिहू नका. पंचकर्मातल्या बस्ती, वमन यांसारख्या क्रिया वैद्याच्या देखरेखीखाली होतात, त्या तेलमालिशच्या धड्यात घुसडणं धोक्याचं आहे.

हजेरी आणि तासांची नोंद

तपासणीला येणारे आधी टेबलं, टॉवेल, हात धुण्याची सोय आणि शिक्षकाचं 'ट्रेनिंग ऑफ ट्रेनर्स' प्रमाणपत्र बघतात, मग हजेरीपट मागतात. नुसत्या 'हजर'ने भागवू नका. शरीररचना किती तास, स्वच्छता किती, प्रत्यक्ष हात चालवणं किती, हे विषयवार लिहा.

परदेशाचं स्वप्न दाखवून बॅच भरत असाल तर हे आधी वाचा. अमेरिकेत परवाना राज्यागणिक मिळतो. टेक्सासमध्ये 500 तासांचं प्रशिक्षण लागतं, न्यूयॉर्कमध्ये 1000, आणि ते तास राज्याला मान्य असावे लागतात. आपल्या प्रमाणपत्रावर तिकडे थेट काम मिळेल असं छापू नका. पुढे एखादी मुलगी खरंच गेली, तर तिला उपयोग होईल तो तुमच्या विषयवार नोंदीचा.

बॅच सुरू झाली आणि मान्यता नाही, तर?

आधी जाहिरातीतला 'शासनमान्य' शब्द काढा. विद्यार्थ्यांना लेखी कळवा, ज्यांना फी परत हवी त्यांना परत करा. मागची तारीख टाकून कागद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्या बॅचचे पुढचे सगळे दाखले संशयात येतात. प्रस्तावात त्रुटी निघाल्या असतील तर त्रुटीपत्रातल्या क्रमानेच उत्तर द्या. ज्यांचं शिकून झालं आहे, त्यांच्यासाठी आरपीएल, म्हणजे आधीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय, सध्या कुठे चालू आहे ते कौन्सिलकडे विचारा आणि शक्य असेल तर त्या परीक्षेची फी तुम्ही भरा. मी त्या अकरा जणींची भरली होती.