झाडांतल्या रसायनांची यादी करताय? एका ओळीत एक झाड लिहू नका

आंबोली, राधानगरीच्या पट्ट्यात नरक्या म्हणून एक झाड आहे, वास असा की नाक धरावं लागतं. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं आणि त्याच्यापासनं टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं बनवतात, दोन्हीला अमेरिकेत १९९६ साली परवानगी मिळाली. म्हणूनच या झाडाची चोरटी तोड होते. आता कोल्हापुरातली बॉटनी-केमिस्ट्रीची पोरं विचारतात की आपल्याकडच्या झाडांतल्या असल्या रसायनांची यादी करायची तर सुरुवात कुठनं करायची, तर मी जे ठेचा खाऊन शिकलोय ते सांगतो.

पहिली गोष्ट, एका ओळीत एक झाड लिहू नका. एका ओळीत एक दावा लिहा. म्हणजे अमुक रसायन, अमुक जातीत, अमुक भागात (साल, मूळ, पान, बी), अमुक ठिकाणच्या नमुन्यात, अमुक पद्धतीनं सापडलं आणि हे कुठल्या पेपरात छापलंय. नरक्यात हे रसायन मुळात नि सालीत जास्त, पानात कमी, मग नुसतं ‘नरक्या – कॅम्प्टोथेसिन’ लिहून काय कळणार? वर २००५ मध्ये याच झाडाच्या आत राहणाऱ्या एका बुरशीनं पण ते बनवल्याचा पेपर आला, म्हणजे त्याची ओळ वेगळी, कारण तिथं जीवच वेगळा.

आता नावाचा घोळ, इथंच सगळ्यात जास्त वेळ घाला. माझ्या पहिल्या शीटमध्ये मी सरळ ‘ब्राह्मी’ लिहिलं होतं. आपल्याकडं बरेच जण ब्राह्मी म्हणून सेंटेला एशियाटिका दाखवतात, तीच मंडूकपर्णी, आणि पुस्तकातली ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी. एकीत एशियाटिकोसाइड, दुसरीत बाकोसाइड, माझ्याकडं दोन्ही एकाच ओळीत नांदत होती, दोन महिन्यांनी सरांनी बघितलं आणि हसले, मला मात्र अख्खी शीट परत करायला लागली. म्हणून गावातलं नाव वेगळ्या रकान्यात, शास्त्रीय नाव वेगळ्या रकान्यात, आणि शास्त्रीय नाव प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या झाडांच्या नावांच्या वेबसाइटवर तपासूनच. जुनी नावं पण टिपा. नरक्याचं आत्ताचं नाव नॉथापोडायटिस निम्मोनियाना, पण जुन्या पेपरात तो मॅपिया फीटिडा म्हणून बसलाय, ते नाव टाकून शोधलं नाही तर १९७२ चा भारतातला मूळ रिपोर्टच हातातनं सुटतो.

स्वतः नमुना आणणार असाल तर हर्बेरियम शीट, म्हणजे दाबून-वाळवून कागदावर लावलेला नमुना, केलीच पाहिजे. फुलाचा रंग, वास, उंची, जीपीएस हे तिथंच उभं राहून लिहा, वाळल्यावर रंग जातो आणि आठवण त्याच्या आधी जाते. पावसाळ्यात दाजीपूरकडं गेलात तर पेपरची रद्दी रोज बदला नाहीतर बुरशी धरती. शीट शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये जमा करून नंबर घ्या, तो नंबर यादीत पाहिजेच. आणि राधानगरी अभयारण्य आहे बरं का, वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथलं पान पण तोडायचं नाही. पुढं धंद्याचा विषय निघाला तर जैवविविधता कायदा २००२ आहे, त्याचं राज्य जैवविविधता मंडळ नागपूरला बसतं.

नवीन काय सापडलं असं वाटलं की आधी इम्पॅट बघा, चेन्नईच्या गणित संस्थेनं केलेला डेटाबेस आहे, दुसऱ्या आवृत्तीत ४०१० झाडं आणि १७९६७ रसायनं आहेत. बहुतेक वेळा तुमचं नवीन तिथं आधीच असतं, वाईट वाटून घेऊ नका. जुळवाजुळव नावावरनं करू नका, इंचीकीवरनं करा, म्हणजे रेणूच्या रचनेवरनं बनवलेला ओळख-कोड. ती मधल्या आडव्या रेघा धरून २७ अक्षरांची असते, पहिली १४ अक्षरं अणू कसे जोडलेत ते सांगतात, डावं-उजवं रूप नंतरच्या भागात. पहिली १४ जुळली आणि पुढची नाही तर थांबून बघा, एकच रसायन धरून मोकळं होऊ नका.

टेस्टचे आकडे, म्हणजे किती मात्रेत रसायन काम करतं ते, टाकताना एकक बघा. कुणी मायक्रोग्रॅम प्रति मिली (वजनावर) लिहितो, कुणी मायक्रोमोलर (रेणूंच्या संख्येवर), कॅम्प्टोथेसिनसाठी (रेणुभार ३४८.३५) एक मायक्रोग्रॅम प्रति मिली म्हणजे साधारण २.८७ मायक्रोमोलर. मूळ आकडा तसाच ठेवा आणि बदललेला शेजारी. हळदीच्या कर्क्युमिनबद्दल जरा सावध, आपल्या शेजारी सांगलीची पेठ असल्यानं प्रेम आहेच, पण ते टेस्टमध्येच लुडबूड करून खोटा पॉझिटिव्ह देतं, शेरा टाकून ठेवा.

आणि एक्सेल. कॅम्प्टोथेसिनचा कॅस नंबर (रसायनाचा ठरलेला ओळख-नंबर) ७६८९-०३-४, तो साध्या रकान्यात टाकला की एक्सेल त्याला साल ७६८९ मधली ४ मार्च समजतं, खरंच. माझ्या शीटमध्ये असल्या तारखा किती झाल्या होत्या ते सांगत नाही. टायपिंग सुरू करायच्या आधीच त्या रकान्याचा फॉरमॅट टेक्स्ट करून ठेवा.