बाणाचा ताठपणा कसा ठरवायचा: धनुष्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका

हंटिंग रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं शिकारी घडणीचं धनुष्य) घेतलं की बहुतेक जण पात्यावर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूवर, छापलेले पौंड वाचतात, बाण निवडायचा तक्ता उघडतात आणि डझनभर कार्बन बाण मागवून मोकळे होतात. मीही तेच केलं. धनुष्य ४५ पौंडांचं, म्हणून बाण ४०० स्पाइनचे (हा ताठपणाचा आकडा, पुढं सांगतो). पुढचे कित्येक महिने बाण डावीकडे जात राहिले आणि मी माझं सोडणं सुधारत बसलो. दोष हाताचा नव्हताच.

धनुष्य शिकारीच्या घडणीचं असलं तरी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. दाजीपूर अभयारण्यातला गवा बघायचा, नेम फोमच्या टार्गेटवर धरायचा.

स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा. एकमेकांपासून २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर बाण ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगायचं. अर्धा इंच वाकला तर स्पाइन ५००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ. नवखे इथंच उलटं धरतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या वर्कशॉपमध्ये डायल गेज असेल तर न कापलेला बाण तपासून घ्या: ५००चा बाण १२.७ मिलिमीटर लवला पाहिजे.

आता स्वतःचं पौंडेज, म्हणजे तुमच्या खेचीला धनुष्य किती पौंड भरतं ते, मोजा. पात्यावरचा आकडा २८ इंच खेचीचा असतो. माझी खेच २६ इंच. एका इंचाला साधारण दोन पौंड कमी होतात. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवून नेहमीच्या अँकरपर्यंत (पूर्ण खेचीत हात चेहऱ्याशी टेकतो तिथपर्यंत) ओढा. माझ्या ४५च्या धनुष्याचे ४१ पौंडच भरले. तक्त्यात हाच आकडा घाला.

डझन घेऊ नका. तीन-चार घ्या आणि न कापता पूर्ण लांबीचेच ठेवा. दुकानदार आधीच कापून देतो म्हणाला तर नको म्हणा.

खरी परीक्षा बेअर शाफ्टची, म्हणजे पिसं न लावलेल्या बाणाची. बाण सुटताना वाकतो आणि धनुष्याच्या मुठीला वळसा घालून जातो. पिसं त्याचं डुलणं लवकर सावरतात, त्यामुळे चुकीचा बाणही बरा उडतो. पिसं नसली की लपवायला काही उरत नाही. पिसांच्या जागी तेवढ्याच वजनाची चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर मागचं वजन घटून बाण आहे त्यापेक्षा मऊ वाटतो.

आधी नॉकची, म्हणजे दोरीवर बाण अडकवायच्या जागेची, उंची नीट करा. बाण वर-खाली झुलत असताना डावं-उजवं बघण्यात अर्थ नाही. मग १८ मीटरवरून तीन पिसांचे आणि एक बेअर, असे सोडा. उजव्या हातानं खेचणाऱ्याचा बेअर बाण घोळक्याच्या डावीकडे लागला तर ताठ, उजवीकडे लागला तर मऊ. डावखुऱ्यांनी उलट वाचावं. एका फेरीवर कधीच निर्णय घेऊ नका. मी पाच फेऱ्या बघतो, आणि थकलेल्या हातानं तर मुळीच नाही, कारण थकला की खेच कमी होते आणि ताठ बाणाचा भास होतो.

ताठ निघाला तर पॉइंट (बाणाचं पुढचं टोक) जड करा, १०० ग्रेनच्या जागी १२५ (ग्रेन हे वजनाचं माप). मऊ निघाला तर पॉइंटकडून पाव इंच कापा, परत सोडा, परत बघा. इथं घाई केली की बाण गेला. कापलेला इंच परत जोडता येत नाही. पूर्ण खेचीत बाणाचं टोक रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो त्या जागेच्या) एक इंच पुढं राहिलंच पाहिजे. तो मागं आला तर हातात घुसू शकतो. माझं उत्तर शेवटी ६०० स्पाइन आणि १२५ ग्रेन असं निघालं. ४००चे सगळे बाण मी एका जास्त खेचीच्या मित्राला देऊन टाकले.

कंपाउंडला (चाकांच्या धनुष्याला) रिलीज, म्हणजे दोरी सोडायची कळ, वापरणाऱ्यांनी मात्र हा डाव्या-उजव्याचा नियम जसाच्या तसा लावू नये. तिथं रेस्ट आणि कॅमही (टोकांची चाकं) बाणाला बाजूला ढकलतात.

कार्बन हॅकसॉनं कापू नका, तंतू फुटतात. वेगानं फिरणारी अपघर्षक चकती वापरा आणि तोंडाला मास्क बांधा, ती धूळ फुप्फुसात जायला नको. पॉइंट गरम गोंदानं बसवताना पॉइंट तापवा, शाफ्टला आच लावू नका. बसवल्यावर बाण हलकेच वाकवून कानाशी धरा. करकर ऐकू आली तर तो बाण मोडून टाका.