ईआरपीचा डेमो आपल्याच डेटावर मागा

ईआरपी म्हणजे कंपनीची खरेदी, विक्री, माल आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. विक्रेत्याच्या डेमोत असं प्रत्येक सॉफ्टवेअर गुणी दिसतं. नमुना डेटा त्यानेच घासूनपुसून ठेवलेला असतो.

१. पुढच्या ३ वर्षांत कंपनीला काय बदलायचंय ते लिहा: नवी शाखा, दुसरं चलन, थेट ग्राहकविक्री.
२. प्रत्येकासाठी एक अडचणीचा व्यवहार निवडा. अर्धवट परत आलेला माल, बिलानंतर बदललेला दर, दोन गोदामांतून जाणारी एकच ऑर्डर. सरळ व्यवहार कुठेही चालतात.
३. नावं-नंबर बदलून डेटा आठवडाभर आधी द्या आणि स्क्रीनवर करून दाखवायला सांगा.

प्रत्येक व्यवहारापुढे नोंदवा: तयार आहे, सेटिंगने होतं, की कोड लिहावा लागेल. तिसरा प्रकार जास्त निघाला तर थांबा. तो कोड दर अपग्रेडला पुन्हा तपासावा लागतो. ‘पुढच्या व्हर्जनमध्ये येतंय’ म्हणजे आज नाही, असंच धरा.